शिट्टी वाजली, पण चढाई संपली का? नियमातली शेवटची ओळ कशी वाचायची

पेट, नेट किंवा सेटची तयारी करताना 'कार्यात्मक व्याख्या', म्हणजे ऑपरेशनल डेफिनिशन, हा मुद्दा आपण सगळेच पाठ करतो. दोन मार्कांचा प्रश्न येतो, योग्य पर्यायावर खूण होते, विषय संपतो. पण प्रत्यक्ष संशोधनाला बसलं की कळतं, अर्धे वाद याच एका गोष्टीवरून होतात. गाईड विचारतात, "तुझ्या अभ्यासाचा कालावधी नेमका कधी संपला?" आपण तारीख सांगतो. मग पुढचा प्रश्न येतो, "त्या तारखेला जे अर्धवट होतं, त्याचं काय केलंस?" इथे बरेच जण गप्प होतात.

आजच्या लेखात याच प्रश्नाकडे खेळाच्या मैदानावरून बघू. कारण हा प्रश्न पंचांना रोज पडतो आणि त्यांना उत्तर द्यायला वर्ष मिळत नाही, दोन सेकंद मिळतात. खेळ आपलेच घेऊ, कबड्डी आणि खो-खो. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, कुठल्याही बाजूचे असा, हे दोन खेळ तुम्ही शाळेच्या मैदानावर नक्की पाहिले असतील. नियमपुस्तक मात्र फार थोड्यांनी उघडलेलं असतं. ते आज उघडू.

प्रश्न नेमका काय आहे?

कुठल्याही सामन्यात दोन घड्याळं चालू असतात. एक सामन्याचं घड्याळ: २० मिनिटं झाली, संपलं. दुसरं घड्याळ त्या क्षणी चालू असलेल्या घटनेचं: चढाई, पाठलाग, हवेतला चेंडू. या दोन्ही घड्याळांचा एकमेकांशी काही करार नसतो. त्यामुळे डाव संपतो त्या क्षणी बहुतेक वेळा काहीतरी अर्धवट असतंच. मग त्या अर्धवट गोष्टीचं काय करायचं?

वेगवेगळ्या खेळांनी वेगवेगळी उत्तरं दिली आहेत.

पहिलं उत्तर: सुरू झालेलं पूर्ण होऊ द्या. कबड्डी हे करते.

दुसरं उत्तर: तिथेच थांबवा, पण 'अर्धवट राहिलं' अशी नोंद ठेवा. खो-खो हे करतो. 'नाबाद' हा शब्द म्हणजे तीच नोंद.

तिसरं उत्तर: निर्णायक कृती वेळेत झाली असेल तर तिचा परिणाम नंतर आला तरी धरा. बास्केटबॉलमध्ये चेंडू हातातून वेळेआधी सुटला असेल आणि भोंगा वाजल्यावर जाळीत पडला, तरी गुण मिळतात.

चौथं उत्तर: शिट्टी म्हणजे शिट्टी, नंतरचं काही धरायचं नाही. ३ जून १९७८ रोजी विश्वचषक फुटबॉलमध्ये ब्राझील आणि स्वीडन १-१ अशा बरोबरीत होते. शेवटच्या क्षणी ब्राझीलला कॉर्नर मिळाला, चेंडू हवेत होता आणि वेल्सचे पंच क्लाइव्ह थॉमस यांनी सामना संपल्याची शिट्टी वाजवली. पुढच्याच क्षणी झिकोच्या डोक्याला लागून चेंडू जाळीत गेला. गोल धरला गेला नाही. गंमत म्हणजे त्याच फुटबॉलमध्ये शेवटच्या क्षणी पेनल्टी दिली गेली, तर ती मारली जाईपर्यंत वेळ वाढवावीच लागते. म्हणजे एकाच खेळात दोन प्रकारच्या अर्धवट घटनांना दोन वेगळे न्याय आहेत.

यातलं कुठलंही उत्तर निसर्गाने दिलेलं नाही. प्रत्येक ठिकाणी माणसांनी बसून ठरवलंय. 'कालावधी संपला' हे नुसतं निरीक्षण नसून तो घेतलेला एक निर्णय असतो, हे आधी डोक्यात पक्कं करा.

कबड्डीचा नियम: एक ओळ आणि तिच्यामागची व्याख्या

वरिष्ठ पुरुष गटात कबड्डीचे २०-२० मिनिटांचे दोन भाग असतात, मध्ये ५ मिनिटांची विश्रांती. एका चढाईला ३० सेकंद. आणि नियमपुस्तकातली आपल्या कामाची ओळ अशा अर्थाची आहे: प्रत्येक भागातली शेवटची चढाई, ठरलेली वेळ संपली तरी, पूर्ण होऊ दिली जाईल.

वाचायला किती सोपी! आता हिच्यावर तीन प्रसंग ठेवून बघू.

प्रसंग एक. वेळ संपायला चार सेकंद बाकी असताना चढाईपटू दम घेत मध्यरेषा ओलांडून गेला. घड्याळ शून्यावर आलं. इथे वादच नाही. चढाई सुरू आहे, तिचं ३० सेकंदांचं घड्याळ चालू राहील. म्हणजे २० मिनिटांचा भाग प्रत्यक्षात २० मिनिटं २५ सेकंदांचाही होऊ शकतो.

प्रसंग दोन. घड्याळ शून्यावर आलं तेव्हा चढाईपटू आपल्याच अंगणात होता, मध्यरेषेकडे धावत निघालेला. दोन पावलं बाकी. त्याचा संघ म्हणणार, "चढाई सुरू झाली होती, जाऊ द्या." समोरचा संघ म्हणणार, "वेळ संपली." ती एक ओळ कितीही वेळा वाचली तरी इथे उत्तर मिळत नाही. उत्तर पुस्तकात दुसरीकडे आहे, व्याख्यांच्या पानावर. तिथे चढाईची व्याख्या अशी आहे की चढाईपटू दम घेत प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात शिरतो, तेव्हा त्याला चढाई म्हणतात. म्हणजे आपल्या अंगणातलं धावणं चढाई नाही, ती फक्त तयारी. चढाई सुरूच झाली नाही तर 'पूर्ण होऊ द्या' कशाला लावणार?

प्रसंग तीन. एक गुणाने पुढे असलेल्या संघाची चढाईची पाळी आहे आणि चार सेकंद बाकी आहेत. नियमाप्रमाणे आधीची चढाई संपल्यावर पुढचा चढाईपटू पाठवायला संघाला ५ सेकंद मिळतात. कागदावर हिशोब केला तर या संघाने कोणाला पाठवलंच नाही तरी पाच सेकंद भरायच्या आत वेळ संपते. प्रेक्षक म्हणतील, हे बरोबर नाही. पण 'बरोबर नाही' आणि 'नियमाबाहेर आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. नियम वाचणाऱ्याला हा फरक सांभाळावाच लागतो.

या तीन प्रसंगांतून वाचायची एक रीत मिळते. आधी नियमाची ओळ वाचायची. त्या ओळीत कुठला शब्द सगळं वजन उचलतोय ते शोधायचं. इथे तो शब्द 'चढाई' आहे, 'वेळ' नाही. मग त्या शब्दाची व्याख्या गाठायची आणि ती घेऊन परत प्रसंगाकडे यायचं. संशोधन लेख वाचताना नेमकं हेच करायचं असतं. लेखाच्या सारांशात 'बरे झालेले रुग्ण' असं लिहिलेलं असतं. 'बरे' म्हणजे काय, हे पद्धतीच्या विभागात कुठेतरी एका वाक्यात दडलेलं असतं. ते वाक्य सापडेपर्यंत सारांशाला मान डोलवायची नाही.

आणखी एक बारकावा बघा. मध्यंतरानंतर कबड्डीत संघ अंगणं बदलतात, पण सगळे गडी परत आत येत नाहीत. पूर्वार्ध संपताना ज्या संघाचे जितके गडी मैदानात होते, तितक्यांनीच उत्तरार्ध सुरू होतो. म्हणून पूर्वार्धाच्या शेवटच्या चढाईत एक गडी बाद झाला, तर एक गुण जातोच आणि पुढची सुरुवातही कमी गड्यांनी होते. भौतिकशास्त्रवाल्यांच्या भाषेत, पहिल्या टप्प्याची अंतिम स्थिती ही दुसऱ्या टप्प्याची प्रारंभिक स्थिती असते. दोन टप्प्यांचा प्रयोग करणाऱ्यांनी हे वाक्य वहीत लिहून ठेवा.

हांगझोऊ, ७ ऑक्टोबर २०२३: चढाई संपली कधी?

आतापर्यंत चढाई सुरू कधी होते ते पाहिलं. संपते कधी, हा प्रश्न त्याहून अवघड निघाला. तोही थेट आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात.

पुरुषांची अंतिम लढत भारत विरुद्ध इराण. आपल्या महाराष्ट्राचा अस्लम इनामदार या संघात होता. साधारण एक मिनिट बाकी असताना गुणफलक २८-२८. पवन सेहरावत 'करो या मरो' चढाईवर गेला, म्हणजे सलग दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी, जिच्यात गुण मिळवला नाही तर चढाईपटू बाद. पवन कोणालाही स्पर्श न करता बाजूच्या लॉबीत गेला आणि त्याच्यामागे इराणचे बचावपटूही लॉबीत शिरले.

लॉबी म्हणजे मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या एक-एक मीटरच्या पट्ट्या. चढाईपटू आणि बचावपटू यांच्यात स्पर्श झाला, झटापट सुरू झाली, की या पट्ट्या खेळाच्या मैदानात धरल्या जातात. स्पर्शाआधी त्या बाहेरच्या. मग स्पर्श न होता लॉबीत गेलेल्याचं काय?

एक वाचन असं: स्पर्शाशिवाय जो लॉबीत गेला तो बाद, मग तो चढाईपटू असो की बचावपटू. या हिशोबाने पवन बाद, इराणला १ गुण. आणि मागे गेलेले चार बचावपटूही बाद, भारताला ४ गुण.

दुसरं वाचन असं: चढाईपटूचा पाय लॉबीत पडला त्या क्षणी तो बाद झाला आणि चढाई तिथेच संपली. त्यानंतर बचावपटू कुठेही गेले तरी ते खेळ थांबल्यानंतरचं चालणं आहे. ते बाद होऊच शकत नाहीत. प्रो कबड्डीमध्ये याच धाटणीचा सुधारित नियम आलेला होता, त्यामुळे खेळाडूंना दोन्ही वाचनं ओळखीची होती.

आता बघा, दोन्ही बाजू व्हिडिओत एकच दृश्य बघत होत्या. कोणाचा पाय कुठे पडला यावर मतभेद नव्हता. मतभेद एकाच गोष्टीवर होता: 'चढाई संपली' तो क्षण कुठला? आणि त्याच्यामागे दुसरा प्रश्न: आज इथे नियमाची कुठली आवृत्ती लागू आहे? निर्णय फिरत राहिला, दोन्ही संघ मैदानातच बसले, खेळ जवळपास तासभर खोळंबला. शेवटी भारताला ४ आणि इराणला १ गुण हा निर्णय कायम झाला, गुणफलक ३२-२९ झाला आणि भारताने ३३-२९ ने सुवर्ण जिंकलं. त्याच दिवशी आपल्या महिला संघाने चायनीज तैपेईला २६-२५ असं एका गुणाने हरवलं होतं. एक गुण इकडचा तिकडे झाला असता तर काय, हे वेगळं सांगायला नको.

संशोधक म्हणून यातून काय घ्यायचं? 'डेटा बघा म्हणजे कळेल' हे नेहमी खरं नसतं. डेटा स्पष्ट असतो आणि तरी निष्कर्ष दोन निघतात, कारण व्याख्या दोन असतात. अशा वेळी अजून चांगला कॅमेरा आणून उपयोग नाही. व्याख्या आधी ठरलेली, लिहिलेली आणि सगळ्यांना माहीत असलेली हवी. घटना घडल्यावर व्याख्या निवडायला बसलात, तर तुम्ही कितीही प्रामाणिक असलात तरी समोरचा म्हणणारच की निकाल बघून नियम निवडला.

खो-खोचा 'नाबाद' आणि संख्याशास्त्रातलं सेन्सॉरिंग

आता दुसऱ्या उत्तराकडे येऊ: थांबवा, पण अर्धवट राहिल्याची नोंद ठेवा.

पारंपरिक खो-खोत वरिष्ठ गटासाठी एक पाळी ९ मिनिटांची. संरक्षक तीन-तीनच्या तुकडीने मैदानात येतात. आक्रमक त्यांना बाद करत जातात. ९ मिनिटं संपली की शिट्टी, आणि त्या क्षणी मैदानात जो संरक्षक उरला तो नाबाद. पाठलाग करणाऱ्याचा हात एक वीत लांब असला तरी नाबाद. इथे 'पाठलाग पूर्ण होऊ द्या' असं काही नाही. यामागचं कारण समजण्यासारखं आहे. चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आहे, म्हणून ती पूर्ण होऊ देणं परवडतं. खो-खोच्या पाठलागाला अशी स्वतःची मर्यादाच नाही. चांगला संरक्षक अजून तीन मिनिटं पळेल!

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते ती तुम्ही वाचलेली असते: अमुक खेळाडूने इतकी मिनिटं, इतके सेकंद संरक्षण केलं, आणि काही नावांपुढे 'नाबाद'. हा एक शब्द म्हणजे संख्याशास्त्रातलं राइट सेन्सॉरिंग. अर्थ असा की खरी वेळ आपल्याला माहीत नाही. ती नोंदलेल्या वेळेपेक्षा जास्त आहे एवढंच माहीत आहे.

आता हिशोब करू. समजण्यासाठी एका काल्पनिक खेळाडूच्या पाच पाळ्या घेऊ.

पहिली पाळी: ४० सेकंद, बाद.
दुसरी पाळी: ७० सेकंद, बाद.
तिसरी पाळी: ९० सेकंद, नाबाद.
चौथी पाळी: १०० सेकंद, बाद.
पाचवी पाळी: १५० सेकंद, नाबाद.

प्रश्न: हा खेळाडू सरासरी किती वेळ टिकतो?

पहिला विद्यार्थी म्हणतो, नाबाद पाळ्या अपूर्ण आहेत, त्या काढून टाका. ४०, ७० आणि १०० ची सरासरी ७० सेकंद.

दुसरा म्हणतो, सगळ्या घ्या आणि भागा. एकूण ४५० सेकंद, पाच पाळ्या, सरासरी ९० सेकंद.

तिसरा म्हणतो, एकूण ४५० सेकंदांत तो बाद झाला फक्त तीन वेळा. म्हणजे सरासरी १५० सेकंदांनी एकदा बाद होतो.

डेटा तोच, उत्तरं तीन: ७०, ९० आणि १५०. पहिल्याने तर सगळ्यात चांगली कामगिरी, १५० सेकंद नाबाद, कचऱ्यात टाकली. दुसऱ्याने नाबादला बाद धरलं, म्हणजे शिट्टीने थांबवलेल्याला आक्रमकाने पकडलं असं लिहिलं. तिसऱ्याने अर्धवट पाळीला अर्धवट म्हणूनच वागवलं: तिची वेळ मोजली, पण न घडलेलं बाद होणं मोजलं नाही. बाद होण्याचा धोका प्रत्येक क्षणी सारखाच आहे असं गृहीत धरलं, तर संख्याशास्त्राप्रमाणे तिसऱ्याचं उत्तर योग्य ठरतं.

हे गणित तुम्हाला नवीन वाटत असेल तर क्रिकेट आठवा. फलंदाजीची सरासरी काढताना धावांना डावांनी भागत नाहीत, बाद होण्याच्या संख्येने भागतात. डॉन ब्रॅडमन यांचे ८० कसोटी डाव, ६९९६ धावा, १० वेळा नाबाद. ६९९६ भागिले ७० म्हणून ९९.९४. ८० ने भागलं असतं तर ८७.४५ आलं असतं. सेन्सॉर झालेल्या डेटाची सरासरी कशी काढायची, हे चौकातला क्रिकेटवेडा पोरगाही जाणतो. फक्त त्याला त्या रीतीचं नाव माहीत नसतं.

धोका सारखाच राहतो हे गृहीतक नको असेल तर? पळता पळता दमही लागतो, मग धोका वाढणारच. त्यासाठी एडवर्ड कॅप्लान आणि पॉल मायर यांची १९५८ सालची पद्धत आहे. तिची कल्पना साधी: प्रत्येक बाद होण्याच्या क्षणी बघायचं, त्या वेळेपर्यंत किती पाळ्या 'जिवंत' होत्या आणि त्यातली किती संपली.

४० सेकंदांना पाचपैकी एक संपली, चार उरल्या: ४/५, म्हणजे ०.८. ७० सेकंदांना चारपैकी एक संपली: ०.८ गुणिले ३/४, म्हणजे ०.६. ९० सेकंदांना नाबाद पाळी आहे. इथे आकडा बदलत नाही, पण ती पाळी यादीतून शांतपणे बाहेर पडते. १०० सेकंदांना उरलेल्या दोनपैकी एक संपली: ०.६ गुणिले १/२, म्हणजे ०.३. म्हणून १०० सेकंदांपलीकडे टिकण्याची शक्यता ०.३. नाबादला बाद धरणाऱ्याला हेच उत्तर ०.२ मिळालं असतं आणि नाबाद काढून टाकणाऱ्याला शून्य! पाच पाळ्यांवरून कोणी ठाम निष्कर्ष काढत नाही हे खरंच, पण रीत समजायला पाच पुरेत.

सावध राहायची जागा

हे सगळं गणित एका अटीवर उभं आहे. पाळी अर्धवट राहण्याचं कारण आणि खेळाडूची टिकण्याची ताकद यांचा संबंध नसावा. घड्याळाने शिट्टी वाजवली तर अट साधारण पाळली जाते. घड्याळाला कोण किती चपळ आहे याच्याशी देणंघेणं नाही.

पण खो-खोत आणखी एक नियम आहे: आक्रमण करणाऱ्या संघाचा कर्णधार आपली पाळी ९ मिनिटांच्या आधीही संपवू शकतो. समजा, मैदानातला संरक्षक काही केल्या सापडत नाही म्हणून कर्णधाराने पाळी संपवली. आता अर्धवट राहिलेल्या पाळ्या कोणत्या? नेमक्या सगळ्यात चांगल्या संरक्षकांच्या. इथे नाबाद हा शब्द तोच, पण त्याचा अर्थ बदलला. नोंदवहीत दोन्ही 'नाबाद' सारखेच दिसतात, म्हणून 'का थांबलं' हा वेगळा रकाना लागतो.

आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. हळदीचं बेणं किती दिवसांत उगवतं असा प्रयोग तुम्ही ४५ दिवसांसाठी मांडला. ४५ व्या दिवशी काही बेणी उगवलेली नाहीत. त्यातली काही जिवंत आहेत, अजून पाच दिवसांनी उगवतील. काही कुजली आहेत, कधीच उगवणार नाहीत. काही जागा पाणी साचलं म्हणून ३० व्या दिवशीच सोडून द्याव्या लागल्या. तिन्हींपुढे वहीत 'उगवले नाही' एवढंच लिहिलं, तर नंतर कुठलंही सॉफ्टवेअर तुम्हाला वाचवू शकणार नाही. पहिलं सरळ सेन्सॉरिंग. दुसरं वेगळीच घटना, जिने उगवण्याची वाटच बंद केली. तिसऱ्यात थांबण्याचं कारण आणि निकाल यांचा संबंध असू शकतो.

कालावधीच्या आधीच आलेला पाहुणा

शेवटचं उदाहरण हिंगोलीकरांच्या जिव्हाळ्याचं. औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली, खर्च सुमारे २६०० कोटी रुपये. तिच्या अमेरिकेतल्या थोरल्या बहिणींची गोष्ट आपल्या विषयाला नेमकी लागू पडते.

सुधारित लायगोचा पहिला निरीक्षण टप्पा औपचारिकपणे १८ सप्टेंबर २०१५ ला सुरू व्हायचा होता. त्याआधी इंजिनिअरिंग रन, म्हणजे यंत्रांची तपासणी चालू होती. आणि १४ सप्टेंबरला, सुरुवातीची शिट्टी वाजायच्या चार दिवस आधी, हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन या दोन्ही ठिकाणी संकेत नोंदला गेला. संकेत यंत्रांच्या टप्प्यात होता जेमतेम ०.२ सेकंद. आता हा धरायचा का?

नुसत्या तारखेवर बोट ठेवलं तर 'कालावधीच्या बाहेर' म्हणून सोडावा लागला असता. आणि 'एवढा सुंदर संकेत आहे, धरूच' म्हटलं असतं तर निकाल बघून नियम वाकवल्यासारखं झालं असतं. त्यांनी काय केलं? यंत्रांची मांडणी आहे तशीच ठेवली, कोणतीही सेटिंग हलवू दिली नाही आणि त्याच स्थितीत पुरेसा डेटा गोळा होईपर्यंत थांबले. मग १२ सप्टेंबर ते २० ऑक्टोबर या काळातली, दोन्ही यंत्रं एकत्र चालू असलेली १६ दिवसांइतकी निरीक्षणं एकाच निकषाने तपासली. नुसत्या गोंगाटातून असा संकेत योगायोगाने किती विरळा दिसेल, याचा अंदाज त्यावरून काढला. तारखेचं नाव काय होतं यापेक्षा, त्या काळात यंत्राची स्थिती एकच होती का, हा प्रश्न त्यांनी महत्त्वाचा मानला. ११ फेब्रुवारी २०१६ ला शोध जाहीर झाला तेव्हा हे सगळं लेखात उघडपणे लिहिलेलं होतं.

सिनॉप्सिस लिहायच्या आधी

संशोधनाचा आराखडा लिहिताना 'अभ्यासाचा कालावधी' या मथळ्याखाली नुसत्या दोन तारखा टाकू नका. खालच्या पाच प्रश्नांची उत्तरं तिथे एकेका वाक्यात लिहा.

१. घटना सुरू झाली असं मी कधी म्हणणार? (आपल्या अंगणातलं धावणं चढाईत धरायचं का?)

२. घटना संपली असं मी कधी म्हणणार, आणि ते ठरवणारं घड्याळ कोणाचं?

३. शेवटच्या दिवशी जे अर्धवट असेल ते पूर्ण होऊ देणार, की थांबवून 'नाबाद' लिहिणार? पूर्ण होऊ देणार असाल तर त्यालाही ३० सेकंदांसारखी मर्यादा आहे का?

४. अर्धवट राहिल्याचं कारण कुठल्या रकान्यात लिहिणार?

५. व्याख्या मध्येच बदलली तर कुठली आवृत्ती कुठल्या नोंदींना लागू, हे कुठे लिहून ठेवणार?

एवढं आधी लिहिलेलं असेल तर तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी "शेवटच्या महिन्यातल्या नोंदींचं काय केलं?" असं विचारल्यावर उत्तर शोधावं लागत नाही, पान क्रमांक सांगायचा असतो.

करून बघण्यासाठी दोन गोष्टी देतो. एक: कबड्डीच्या नियमपुस्तकात शोधा की वेळ संपली तेव्हा चढाईपटूचा पाय नेमका मध्यरेषेवर असेल तर तो 'शिरला' असं धरायचं का. कुठल्या दोन व्याख्या जोडाव्या लागतात ते लिहा. दोन: पेपरातल्या खो-खोच्या बातम्यांमधून एकाच खेळाडूच्या दहा पाळ्या गोळा करा आणि वरच्या तीन रीतींनी सरासरी काढा. तीन आकड्यांत किती अंतर पडतं ते स्वतः बघितल्यावर नाबाद नोंदी पुन्हा कधी गाळाव्याशा वाटणार नाहीत.

पुढच्या लेखात याच कॅप्लान-मायर पद्धतीचा आलेख हाताने, आलेख कागदावर, कसा काढायचा ते बघू. पट्टी आणि पेन्सिल तयार ठेवा.